डाव्या अंगठ्याखालचं वर्ष

माझं डावं अंग बघा, मित्रांनो. तिथल्या जॉयस्टिकचं रबर पार झिजून आतलं पांढरं प्लॅस्टिक दिसायला लागलं आहे. उजवं अंग मात्र अजून धडधाकट. मी व्हिडिओ गेमचा एक जुना रिमोट आहे, आणि असा एकाच बाजूने म्हातारा कसा झालो ते तुम्हाला सांगणार आहे. गोष्ट एका वर्षाची. पण त्या वर्षात माझा जीव कितीदा टांगणीला लागला, ते मलाच ठाऊक.

माझा जन्म कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून जाताना एका बाईने माझ्या पोटात दोन इवल्याशा मोटारी बसवल्या, एक डाव्या मुठीत आणि एक उजव्या. त्या फिरल्या की मी थरथरतो. खेळातली गाडी डावीकडे आपटली तर डावीकडे, उजवीकडे आपटली तर उजवीकडे. डोळ्यांना पडदा सांगतो, कानांना आवाज सांगतो. हाताला सांगायचं काम माझं.

सुरुवातीची वर्षं मी मुंगी नावाच्या मुलीच्या मामाकडे काढली. पुढे मामाला नोकरी लागली, खेळ मागे पडले आणि माझी रवानगी एका खोक्यात झाली. शेजारी बंद पडलेली इस्त्री आणि मोडकी छत्री. दोन वर्षं मला कोणी हात लावला नाही. आता आपण भंगारातच जाणार अशी मी मनाची तयारी केली होती. तेवढ्यात मुंगीच्या आईचा हात चिरडला, आणि माझे दिवस पालटले. दुसऱ्याच्या दुखण्यावर आपलं नशीब उघडावं, याची मला अजून लाज वाटते.

मुंगीची आई गोदीत क्रेन चालवायची. पंधरा माणसांच्या उंचीची शिडी चढून ती काचेच्या केबिनमध्ये बसायची, म्हणून खाली काम करणारे सगळे तिला 'वरची ताई' म्हणत. त्या खुर्चीवर तिच्याआधी कधी बाई बसली नव्हती. एका सकाळी केबिनचं लोखंडी दार तिच्या डाव्या पंजावर आपटलं. हाडं मोडली, तारा घातल्या, प्लॅस्टर चढलं आणि उतरलं. पण प्लॅस्टर उतरल्यावर जो हात बाहेर आला, त्याला चमचाही धरवेना.

"व्यायामवाल्या ताई म्हणाल्या ना बोटं हलती ठेवा?" मामा खोकं उघडत म्हणाला. "मग तो चेंडू दाबत काय बसतेस! हे घे. मुंगी शिकवेल तुला."

मुंगी तेव्हा दहा वर्षांची होती. अंगाने एवढीशी आणि सदान्‌कदा कशात तरी गुंतलेली, म्हणून हे नाव. तिने मला ओल्या फडक्याने पुसलं, आईच्या मांडीवर ठेवलं आणि बाईंच्या थाटात म्हणाली, "हं. डावा अंगठा इथे."

पहिला खेळ होता 'गोगलगाईचं टपाल'. पाठीवर टपालाची थैली घेतलेली गोगलगाय भिंतीवरून, फांदीवरून, नळावरून सरकत जाते आणि बागेतल्या प्राण्यांना पत्रं पोचवते. घाई केली की घसरते. या खेळाला डावा अंगठा तेवढा लागतो. पण तो अंगठा माझ्यावरून पुन्हा पुन्हा निसटायचा, जणू मला तेल लावलं होतं. आईच्या कपाळावर घाम यायचा. सतराव्या दिवशी बेडकाला त्याचं पत्र मिळालं, तेव्हा मायलेकी अशा किंचाळल्या, की शेजारच्या काकूंनी भिंतीवर थाप मारून विचारलं, "काय झालं गं?"

मग आला 'कलिंगडांचा ट्रक'. डोंगरातला खड्ड्यांचा रस्ता आणि मागे झाकण नसलेला ट्रक. एकही कलिंगड न सांडता तो गावात न्यायचा. आई त्यात इतकी रमली, की संध्याकाळी बेकरीतून दमून आलेले बाबा म्हणायचे, "आमच्या पोळीचं काय, का ती पण ट्रकमधून येणार आहे?" पावसाळा संपेपर्यंत मायलेकींनी तिसरा खेळही धरला, 'दोरावरचे दोघे'. एकाच दोराला बांधलेले दोन गिर्यारोहक. डावी जॉयस्टिक एकाची, उजवी दुसऱ्याची. दोघी सोफ्यावर खांद्याला खांदा लावून बसायच्या आणि मला दोन बाजूंनी धरायच्या. एकीचा पाय सुटला की दुसरीने दोर ताणून धरायचा. त्या दिवसांत मी सुखाच्या शिखरावर होतो म्हणा ना.

पण एक गोष्ट मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होती, आणि मला तोंड नव्हतं.

आईच्या डाव्या हातात बळ आलं होतं, पण स्पर्श आला नव्हता. तिचा अंगठा मला दाबायचा तो खिळा ठोकल्यासारखा. जॉयस्टिक कडेला टेकली तरी तो दाबतच राहायचा, कारण टेकल्याचं त्याला समजतच नव्हतं. मी डावीकडे थरथरलो तर काहीतरी थरथरलं एवढं तिला उजव्या हातातून कळायचं. कुठल्या बाजूला, ते नाही. डावा अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि तळव्याचा तेवढा भाग मुका होता.

दर मंगळवारी व्यायामवाल्या ताई घरी यायच्या. आईला डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा बोटांवर फिरवायच्या.

"जाणवतं?"

"हो."

"आता कुठे आहे?"

"तर्जनीवर."

मी समोरच्या टेबलावरून बघत असायचो. आईचे डोळे पुरते मिटलेले नसायचे. पापण्यांच्या फटीतून ती कापूस बघायची आणि उत्तर द्यायची. ताईंनी वहीत लिहिलं, 'स्पर्श : ठीक'. मुठीची ताकद मोजली आणि खूश होऊन गेल्या.

ती खोटं का बोलत होती, तेही मला माहीत होतं. वर्षभर क्रेनवर न बसलेल्या माणसाने पुन्हा परीक्षा द्यायची, असा गोदीचा नियम होता. परीक्षा एकदाच. नापास झालं तर खुर्ची दुसऱ्याची. दुपारी घरात कोणी नसलं की आई डावा हात समोर धरून त्याच्याशी बोलायची. "कळू दे रे," म्हणायची. "नाहीतर निदान कोणाला कळू देऊ नकोस."

परीक्षा पंधरा दिवसांवर आली आणि खेळ बिघडायला लागले. धास्तीने तिचा अंगठा आणखीच जोर करायचा. दोरावरचा तिचा गडी खडक सोडून भलतीकडेच जायचा आणि मुंगीच्या गड्यालाही दरीत ओढायचा. एका दुपारी सलग नऊ वेळा दोघे कोसळले. आईने मला सोफ्यावर आदळलं.

"हा रिमोटच बिघडलाय! जुनाट मेला. फेकून दे त्याला."

मित्रांनो, खोक्यातली दोन वर्षं मी सोसली होती, पण हे बोलणं मला लागलं. दोष माझा नव्हता. पण मुंगीचा आईवर विश्वास होता. तिने मला पिशवीत घातलं आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं.

दुरुस्तीवाला चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा माणूस. त्याने माझे चार स्क्रू काढले, ब्रशने धूळ झटकली, एक तार जोडून पडद्यावर रेषा बघितल्या. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली.

"आतून हा ठणठणीत आहे," तो म्हणाला. "रबर तेवढं गेलंय. यावर कोण खेळतं गं?"

"आई. आणि मी."

"डावीकडे कोण?"

"आई."

त्याने झिजलेल्या जागेवर बोट फिरवलं. "तीस वर्षं हेच बघतोय. लोक रागाने दाबतात तेव्हा रबर फाटतं. हे फाटलेलं नाही, घासत घासत गेलंय. दाबणाऱ्याला आपण दाबतोय हे कळतच नसावं. हात बधिर आहे का आईचा?"

मुंगी मला घेऊन घरी निघाली. रस्ताभर तिने मला पिशवीत न ठेवता छातीशी धरलं होतं.

घरी येऊन तिने चौथा खेळ लावला, 'मुका तलाव'. या खेळात मासा गळाला लागला तरी पडद्यावर काही हलत नाही. पाणी शांत. मासा ज्या बाजूला असेल त्या बाजूला फक्त मी थरथरतो, आणि तिकडे गळ ओढायचा.

"आई, ये ना. नवा खेळ आहे. सोपा आहे अगदी."

आई बसली. मी डावीकडे थरथरलो. ती क्षणभर थांबली आणि तिने उजवीकडे ओढलं. मासा गेला. मी पुन्हा डावीकडे. तिने डावीकडे ओढलं; पण तो अंदाज होता, मला कळत होतं. मग पुन्हा चुकली. पुन्हा. मी जीव तोडून थरथरत होतो, आणि माझं सगळं सांगणं त्या हाताच्या दाराशी जाऊन परत येत होतं.

"आई," मुंगीने हळूच विचारलं, "आता कुठल्या बाजूला थरथरतंय?"

आईने तिच्याकडे बघितलं. मग मला खाली ठेवलं.

"कधीपासून?" मुंगीने विचारलं.

"पहिल्यापासून."

"ताईंना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर परीक्षेलाच बसू दिलं नसतं मला. मुंगे, ऐक. बारा वर्षं मी ती क्रेन चालवलीय. डोळे मिटून चालवेन. आठ दिवस राहिलेत. फक्त आठ दिवस तोंड उघडू नकोस. बाबांसमोरसुद्धा नाही. शप्पथ घे."

मुंगीने शप्पथ घेतली. काय करणार? आईच ती. पण त्या आठ दिवसांत घरात कोणी मला हात लावला नाही. मुंगी ताटातलं अन्न चिवडायची. एकदा बाबांनी विचारलं, "काय गं, शाळेत काही झालं का?" तेव्हा ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. आई पाठमोरी भांडी पुसत होती. तिने एकच ताट किती वेळ पुसलं म्हणून सांगू!

परीक्षेच्या सकाळी आई केस बांधत होती तेव्हा मुंगी माझ्याजवळ आली. तिने इकडेतिकडे बघितलं, मला उचललं आणि दारामागे टांगलेल्या आईच्या जाड कोटाच्या खिशात घातलं. चिठ्ठी नाही, काही नाही. तिने शप्पथ मोडली नव्हती. ती बोलली नव्हती.

अशा रीतीने, मित्रांनो, मी क्रेनवर चढलो.

शिडीच्या प्रत्येक पायरीवर मी आईच्या कमरेला आपटत होतो, पण तिला वाटलं डब्याचाच भार असेल. वर पोचल्यावर तिने रुमालासाठी खिशात हात घातला आणि मी हाताला लागलो. तिने मला बाहेर काढलं. बराच वेळ बघत राहिली.

"कार्टीने तुला पाठवलं होय," ती म्हणाली. तिने मला काचेजवळच्या फळीवर ठेवलं, आणि म्हणून पुढचं सगळं मला दिसलं.

खाली परीक्षक पांढरं हेल्मेट घालून उभे होते. त्यांच्याजवळ शिट्टीकाका. पूर्वी ते शिट्टी वाजवून क्रेनला इशारे द्यायचे, आता वॉकीटॉकीवर बोलायचे; नाव मात्र तेच राहिलं होतं. आईला क्रेनवरचे इशारे त्यांनीच शिकवले होते. परीक्षा अशी, की पाण्याने काठोकाठ भरलेली लोखंडी टाकी उचलायची, ओट्यावर ठेवायची, पुन्हा उचलायची आणि रचलेल्या कंटेनरांच्या भिंतीमागे उतरवायची. तिथे वरून काही दिसत नाही. काका सांगतील तसं करायचं.

आईच्या उजव्या हातातला दांडा टाकी वर-खाली करायचा, डाव्या हातातला क्रेनचा लांब बाहू फिरवायचा. डाव्या दांड्याला पाच खाचा होत्या. जितकी पुढची खाच, तितका वेग. चालक दांड्याकडे कधी बघत नाही. कुठल्या खाचेत आलो ते हाताला 'टक्‌' असं कळतं.

पहिला भाग तिने सुरेख केला. टाकी दिसत होती ना! डोळ्यांनी सगळं निभावून नेलं. पाण्याचा एक थेंब सांडला नाही. "वा, ताई!" वॉकीटॉकीतून काका म्हणाले.

मग टाकी भिंतीमागे गेली आणि दिसेनाशी झाली.

"डावीकडे घे. पहिल्या खाचेत," काकांचा आवाज आला. "हळू... हळू... मी इथेच आहे. अजून थोडं."

आईने दांडा सरकवला. टक्‌. पहिली. हाताला काही कळलं नाही म्हणून तिने आणखी दाबला. टक्‌. दुसरी. मी फळीवरून बघत होतो. बाई गं, ती दुसरी आहे! तिने मान खाली घालून हाताकडे बघितलं, आणि त्या क्षणात दांडा तिसऱ्या खाचेत गेला होता.

"थांब!" काका ओरडले. "थांब, थांब, ताई, थांब!"

तिने दोन्ही दांडे सोडले. क्रेन जागच्या जागी हादरून थांबली. भिंतीमागून पाणी सांडल्याचा मोठा आवाज आला. मग काहीच आवाज नाही.

"काका?" आई म्हणाली. तिने वॉकीटॉकीचं बटण पुन्हा दाबलं. "काका! बोला ना!"

खरखर झाली. "आहे. भिजलोय नुसता. टाकीची हवा तेवढी लागली खांद्याला." ते धापा टाकत होते. मग मोठ्याने, परीक्षकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वाऱ्याने हललं, साहेब. मध्येच झोत आला."

मग परीक्षकांचा आवाज आला. "ठीक आहे. वाऱ्याचं धरत नाही आपण. दहा मिनिटं थांबू आणि हा भाग पुन्हा करू. तयार आहात?"

मित्रांनो, दार उघडं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. दोघा माणसांनी तिच्यासाठी ते उघडून धरलं होतं. आईने डावा हात वर करून डोळ्यांसमोर धरला. मग फळीवरच्या माझ्याकडे बघितलं, माझ्या झिजलेल्या बाजूकडे. आणि बटण दाबलं.

"वारा नव्हता," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"वारा नव्हता, साहेब. माझ्या डाव्या हाताला खाच कळत नाही. अपघात झाल्यापासून कळत नाही. मी लपवलं. टाकी अजून हवेत आहे. काकांना तिथून काढा, सगळ्यांना काढा. मग मी ती उतरवते."

खालची माणसं लांब गेली. टाकी मोकळ्या जागेत आणून उतरवायला तिला अकरा मिनिटं लागली. प्रत्येक खाचेला थांबायची, हाताकडे बघायची, मग बाहेर बघायची, मगच पुढे. टाकी जमिनीला टेकली तेव्हा तिने दांड्यांवर कपाळ टेकलं आणि ती रडली. मी तिला कधीच रडताना बघितलं नव्हतं.

परीक्षकांनी कागदावर 'अनुत्तीर्ण' लिहिलं. ते म्हणाले, "बाई, मला हे लिहावंच लागणार." आई म्हणाली, "लिहा."

काका फाटकापर्यंत सोबत आले. शर्ट ओला, केस ओले. "अगं, मी सांभाळून घेतलं होतं की! कशाला बोललीस?"

"खाली तुम्हीच उभे होता ना, काका," आई म्हणाली.

घरी मुंगी पायरीवर बसली होती. आईला बघून उभी राहिली आणि आधी तेच म्हणाली, "मी नाही हं सांगितलं कोणाला."

"माहितीये. मी सांगितलं."

मुंगीने आईच्या पोटात डोकं खुपसलं. मी खिशात होतो, मध्येच चेपला गेलो. पण खरं सांगतो, अशी जागा कोणाला मिळते?

पुढची गोष्ट काही अगदी गोड नाही. डॉक्टरांनी हात तपासला आणि ते रागावले. जुन्या जखमेच्या वणाखाली नस दाबली गेली होती. "सहा महिन्यांपूर्वी आला असतात तर बरंच हाती लागलं असतं," ते म्हणाले. शस्त्रक्रिया झाली. अंगठ्यात जाणीव आली, मधल्या बोटात थोडीफार. तर्जनी मात्र मुकीच राहिली, आणि डॉक्टर म्हणतात ती तशीच राहील. व्यायामवाल्या ताई आता तिचे डोळे रुमालाने बांधतात.

क्रेनच्या खुर्चीवर एक तरुण चालक बसतो. बातमी आली त्या दिवशी आई खूप वेळ खिडकीशी उभी होती. पण महिन्याभराने गोदीने तिला बोलावलं आणि खाली, इशारे देणाऱ्यांत काम दिलं. शिट्टीकाका निवृत्तीला आले होते. आता वरची ताई खाली उभी असते आणि वॉकीटॉकीवर बोलते. तो तरुण आधी फुशारक्या मारायचा म्हणे. पहिल्याच दिवशी तिने त्याला सांगितलं, "शंका आली तर थांबायचं आणि तोंडाने विचारायचं. मी हसणार नाही." आता तो दिवसातून दहादा विचारतो. ती दहादा सांगते.

परवा मुंगीला शाळेत निबंध होता, 'या वर्षातले माझे आवडते खेळ'. तिने क्रम लावला. पहिला 'दोरावरचे दोघे', दुसरा 'कलिंगडांचा ट्रक', तिसरा 'गोगलगाईचं टपाल'. आईने वाचलं आणि कुरकुर केली, "गोगलगाय तिसरी? सतरा दिवस घाम गाळला मी!" मग म्हणाली, "आणि तो तळ्याचा?"

"तो आवडता नाहीये," मुंगी म्हणाली.

आईने पेन्सिल घेतली आणि खाली आपल्या हाताने चौथं नाव लिहिलं.

मित्रांनो, आम्ही वस्तू बिचाऱ्या बोलू शकत नाही. आमचं काही बिघडलं तर तुम्हाला झिजलेल्या जागा बघून ओळखावं लागतं. म्हणून खेळून झाल्यावर आम्हाला जमिनीवर टाकू नका, आमच्या तारा ओढू नका, आणि फेकून देण्याआधी एकदा तरी उघडून बघा. पण तुम्हाला देवाने तोंड दिलं आहे. दुखत असेल तर दुखतं म्हणा. कळत नसेल तर कळत नाही म्हणा. आणि तुमच्यापैकी कोणी असं म्हणालं, तर बाकीच्यांनी त्याला हसू नका.